शिवलेला खिसा

३ नोव्हेंबर, सोमवार

डब्याच्या मालकांना,

हे पत्र डब्याच्या पिशवीत, बाजूच्या कप्प्यात सापडेल. आधी जेवा, मग वाचा. उलटं केलंत तर घास उतरायचा नाही आणि भाजी मी मन लावून केली आहे. भांडण तुमच्याशी आहे, भाजीशी नाही.

या काळात पत्र लिहिणारी बायको तुमच्याच नशिबी आली, कारण फोनवर बोलायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. दिवसभर फोन वाजत राहतो आणि उचलत कोणी नाही. उचललाच, तर बाई उचलते. "ते गाडीवर आहेत. काही तातडीचं आहे का?" काय तो गोड आवाज! जसं काही मीच परकी आणि तीच घरची. मागे कोणीतरी खिदळत होतं, तेही ऐकलं मी.

बरं, घरी आलात तेव्हा मी सरळ विचारलं होतं, ती कोण? तुम्ही म्हणालात, कंडक्टर आहे. मी म्हटलं, तुमचा फोन तिच्याकडे कसा? त्यावर तुम्ही काय म्हणालात आठवतंय? "असू दे." एवढंच. मी भांडले, आवाज चढवला, तुमच्या आईपर्यंत गेले, ते चुकलं. पण तुम्ही "असू दे"च्या पुढे एक अक्षर बोलला नाहीत. पिशवी उचललीत आणि पहाटेची ड्यूटी आहे, तिकडेच राहतो म्हणून निघून गेलात. खरं उत्तर असतं तर माणूस ते देऊन मोकळा होतो, पिशवी कशाला उचलतो?

पूर्वी असं नव्हतं. जुन्या रूटवर होतात तेव्हा पहिल्या रिंगला फोन उचलायचात. कुठे पोचलात? पुलावर. आता? नाक्यावर, सिग्नल लागलाय. मी मशीनवर पडदे शिवत बसायची आणि तुमची बस माझ्या डोळ्यांसमोरून जायची. त्या रस्त्यानं मी एकदाही गेले नाही, तरी कुठे खड्डा आहे आणि कुठे शाळा सुटते, सगळं मला पाठ होतं. मग अचानक तुमची बदली झाली. तिकडे ड्रायव्हर कमी आहेत म्हणे. आणि बदली झाली तशी तुमच्या तोंडाला कुलूपच लागलं.

डबा तिकडे बस नेणाऱ्या ड्रायव्हर मामांबरोबर पाठवत राहीन. उपाशी ठेवून भांडणं मला जमत नाही.

तुमची (अजून तरी)


७ नोव्हेंबर, शुक्रवार

कुलूपवाल्यांना,

डबा परत आला. पत्राचं उत्तर आलं नाही. पण डब्यानं बरंच काही सांगितलं.

एक तर पिशवीची गाठ. तुम्हाला गाठ बांधता येत नाही, हे मी लग्नापासून बघते आहे. तुम्ही पिशवीचे बंद नुसते गुंडाळता आणि मग भाजीचं तेल माझ्या कापडांवर येतं. या वेळी छान घट्ट गाठ होती, वर टोक मोकळं सोडलेलं, ओढलं की सुटणारी. अशी गाठ बाईमाणूस बांधतं. मी शिवणकाम करते, दोरा कोणाच्या हातचा आहे ते मला सांगायला लागत नाही.

दुसरं, परवा तुमची सुट्टी होती. मामांना विचारलं, तर ते छताकडे बघायला लागले. "सुट्टीला कुठेतरी जातात खरं. फळं घेऊन जातात." फळं! आपल्या घरी तुम्ही शेवटची फळं कधी आणलीत? बारकी आजारी पडली होती तेव्हा, आणि तीसुद्धा मी सांगितली म्हणून.

आणि तिसरं, जे मी इतके दिवस पोटात ठेवलं होतं. बदलीच्या आधी तुम्ही गणवेशाचे सगळे शर्ट माझ्या मशीनवर आणून टाकलेत आणि म्हणालात, खिशाचं तोंड शिवून टाक. मी म्हटलं, का हो? म्हणालात, पेनाची शाई सांडते. तुमच्या खिशात मी आजवर पेन पाहिलेलं नाही. सही करायला सुद्धा दुसऱ्याचं मागता. तुमच्या खिशात राहायचा तो फोन. मी मुकाट्यानं शिवून दिलं, पण तेव्हाच मनात आलं की हा माणूस खिसा बंद करून घेतो आहे, म्हणजे घरात तपासला जाईल अशी काहीतरी भीती आहे. तपासायचे बाकी खिसे नाहीत का, असं तुम्ही म्हणाल. आहेत. तेही बघितले. विजारीच्या खिशात एक रुमाल आणि दवाखान्याच्या बागेतल्या झाडाचं वाळकं पान. दवाखान्याचं हे मला नंतर कळलं. मामांनी पान ओळखलं. म्हणाले, हे झाड इकडे एकाच ठिकाणी आहे. म्हणजे आता दवाखानासुद्धा आला!

बारकी म्हणते, "आई, तू पोलिसात जा, इथे पडदे शिवत कशाला बसलीस?" मी म्हटलं, तुझे वडील सरळ बोलले असते तर मला पडद्यांतच सुख होतं. ती हसली, पण नंतर हळूच विचारलं, "बाबा येणार ना गं?" मी म्हटलं, डबा रिकामा येतोय तोवर येणार. हे मी का बोलले कोण जाणे.

सरळ उत्तर द्या. खिसा, गाठ, फळं.

डबेवाली


११ नोव्हेंबर, मंगळवार

उत्तर आलं. बघा, मला आनंद झाला होता! चिठ्ठी उघडली, तर, "भाजीत मीठ कमी होतं. काळजी करू नकोस." बस्स.

मीठ मी मुद्दाम कमी घातलं होतं. तुम्ही नीट जेवता की डबा दुसऱ्याच कोणाला देता, ते बघायचं होतं. तेवढं एक तरी कळलं, की खाता तुम्हीच.

बाकी माझी मी बघते. यापुढे तुम्हाला काही विचारणार नाही.


१५ नोव्हेंबर, शनिवार

अहो,

काल मी तुमच्या बसमध्ये होते.

आता दचकू नका, पूर्ण वाचा. मामांच्या बसनं तिकडच्या स्टँडवर आले. डोक्यावरून ओढणी घेतली, तोंडाला रुमाल बांधला. धुळीच्या दिवसांत निम्म्या बायका तशाच असतात. तुमची बस लागली तशी गर्दीत चढले आणि मधल्या रांगेत, वाटेकडची जागा धरली. तिथून तुमचा खांदा दिसतो आणि समोरच्या आरशात अर्धा चेहरा. बारीक झालात. दाढी सुद्धा नीट केली नव्हती.

ती कंडक्टर आली. मी मनात एक बाई रंगवून ठेवली होती, नटवी, लाडंलाडं बोलणारी. निघाली माझ्याच वयाची, पायात गडद मोजे, मागे घट्ट अंबाडा आणि खांद्याला ती मोठी चामड्याची बॅग. "कुठे?" म्हणाली. मी शेवटच्या स्टॉपचं तिकीट घेतलं. तिनं बॅगेचा बंद ओढून गाठ बांधली. तीच गाठ. वर टोक मोकळं. माझं डोकं सणकलं.

बस निघायच्या आधी तुम्ही सीटवर बसलात, फोन काढलात आणि मागे हात करून तिला दिलात. तिनं न बघता बॅगेत टाकला. किती सवयीचं होतं ते! नवरा-बायकोत असतं तसं, न बोलता. मी आतल्या आत नुसती धुमसत होते.

म्हणून मी ठरवलं की आता इथेच, या बसमध्ये, फोन करायचा. तिनं उचलला की उठून उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर विचारायचं, बाई, हा फोन कोणाचा?

बाजार मागे पडला, रस्ता जरा मोकळा झाला, तेव्हा मी नंबर लावला. बॅगेत तुमचा फोन वाजला. बारकीनं फक्त माझ्या नंबरासाठी लावून दिलेली ती बासरीची रिंग. ती मी स्वतः कधी ऐकली नव्हती. माझा फोन वाजतो तेव्हा मी दुसऱ्या टोकाला असते ना.

आणि मी तुमचा हात पाहिला.

रिंग वाजल्याबरोबर तुमचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि छातीशी गेला. डोकं अर्धं वळलं, बॅगेकडे. फोन तिच्याकडे आहे हे तुम्हाला माहीत होतं, स्वतःच्या हातानं दिला होतात. तरी हात गेलाच. बोटं खिशावर आली, माझ्या शिवणीवर घसरली, आत शिरायला जागा मिळाली नाही. तेवढ्यात पुढे एक बाई लहान पोराला हाताशी धरून रस्त्यावर उतरली. मला दिसली. तुम्हाला दिसायला वेळ लागला, आणि तो सगळा वेळ माझ्या फोनचा होता.

ब्रेक लागला. सगळी बस पुढे कोसळली. माझं कपाळ समोरच्या दांडीवर आपटलं. कोणीतरी ओरडलं, "काय राव, झोपलात का?" ती बाई पोराला ओढून पलीकडे गेली, तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिला कळलंच नाही. तुम्ही दोन्ही हात चाकावर ठेवून तसेच बसला होतात, आरशात तुमचा चेहरा राखेसारखा झाला होता. आणि बासरी अजून वाजतच होती. मला माझा फोन बंद करायचं सुचत नव्हतं.

कंडक्टरनं बॅगेतून फोन काढला, बघितला. मग मान वर करून एकेक सीट बघत आली. माझ्यापाशी थांबली. माझ्या कानाला फोन होता.

"वहिनी?" तिनं हळू आवाजात विचारलं.

मी तोंडावरचा रुमाल आणखी वर ओढला.

"इथे 'घर' असं नाव आलंय," ती म्हणाली, "आणि फोन तुम्ही लावलाय." मग तिनं माझ्या हातातला फोन बंद केला आणि माझ्या शेजारी टेकली. रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "कपाळाला लागलं का?"

मी म्हटलं, "त्यांचा फोन तुमच्याकडे का असतो?" एवढं सगळं बघूनही मला हेच विचारावंसं वाटलं, बघा माझा स्वभाव.

"आताच पाहिलंत ना, म्हणून असतो. बंद करून ठेवा म्हटलं तर ऐकत नाहीत. घरून तातडीचं काही आलं तर, म्हणतात. म्हणून मी उचलते. त्या दिवशी तुमचा उचलला तेव्हा मागे कॉलेजची पोरं दंगा करत होती, तुम्ही एकदम ठेवूनच दिलात."

"आणि पिशवीची गाठ?"

ती हसली. "दादांना गाठ कुठे बांधता येते! भाजीचं तेल सांडून ठेवतात. मीच बांधून देते."

"आणि सुट्टीला कुठे जातात?"

तिनं मान हलवली. "ते मी नाही सांगणार. ते तुम्ही त्यांना विचारा. पण भांडत विचारू नका, वहिनी."

पुढच्या स्टॉपला मी उतरले. तिनं तुम्हाला काही सांगितलं नसेल, मी तसं वचन घेतलंय. उतरल्यावर तुमच्या दारावरून गेले. तुम्ही समोर बघत होतात.

मी भांडत नाही. मला भीती वाटते आहे. सुट्टीला कुठे जाता, तेवढं सांगा.

तुमचीच


१९ नोव्हेंबर, बुधवार

अहो,

तुमची चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, माझ्याच पत्राच्या पाठीवर तुम्ही लिहिलंत, कोऱ्या कागदाचीही तुम्हाला चोरी. पण इतकं लांब तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं असेल.

मी परत लिहून काढते, म्हणजे मला बरोबर समजलं का ते तुम्हाला कळेल. जुन्या रूटवर, पुलाच्या पुढच्या वळणावर, फोन वाजला. तुम्ही खिशातून काढलात. बोलला नाहीत, नुसतं नाव बघितलंत. तेवढ्यात सायकलवरच्या आजोबांना बसची कड लागली. घड्याळं दुरुस्त करायचे ते. कमरेचं हाड मोडलं, आता काठीशिवाय उभं राहता येत नाही, दुकान बंद झालं. सायकलच आडवी आली असं तुम्ही सांगू शकला असता, बघणारं कोणी नव्हतं. पण फोन हातात होता हे तुम्ही स्वतः साहेबांना सांगितलंत. म्हणून बदली झाली, ड्रायव्हर कमी होते म्हणून नव्हे. आणि दर सुट्टीला तुम्ही फळं घेऊन दवाखान्यात आजोबांपाशी जाऊन बसता. ते तुमच्याशी अजून बोलत नाहीत, तरी जाता.

मी तुमच्यावर काय काय आळ घेतले! त्याबद्दल मी माफी मागते. ही एकदाच मागणार आहे, जपून ठेवा.

मग तुम्ही लिहिलंय, "तो फोन तुझा नव्हता. कुठल्यातरी क्रेडिट कार्डवाल्या बाईचा होता. तुझा नव्हता."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं. चहा ठेवला. बारकीला हाक मारून सांगितलं, बघ, बाई होतीच, पण कार्डवाली निघाली. आम्ही दोघी हसलोसुद्धा. मग चहा गाळताना हात थांबला.

मी विचारलंच नव्हतं. फोन कुणाचा होता हा प्रश्न माझ्या एकाही पत्रात नाही, आणि तुम्ही त्याचं उत्तर दोनदा दिलंत. मिठावर एक ओळ लिहिणारा माणूस विनाकारण एक वाक्य दोनदा लिहीत नाही.

आणि दुसरं. परका नंबर असला की तुम्ही खिशाकडे बघतही नाही, वाजून वाजून बंद होऊ देता. घरी मीच ओरडते, अहो तो फोन बघा. तुमचा हात फक्त एकाच रिंगला जातो. बसमध्ये मी पाहिलंय तो कसा जातो ते.

त्या दिवशी, त्या वेळेला मी काय करत होते, ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. मशीनवर असेन. पडदे शिवत असेन. आणि कुठे पोचलात म्हणून विचारायला फोन लावला असेन, कारण रोजच लावायची. तुम्ही उचलला नाहीत म्हणून चिडले असेन, आणि पाच मिनिटांत विसरलेही असेन. नक्की काहीच आठवत नाही. माझा फोन तेव्हाचा नाही, जुना मोडीत गेला. विचारायचं तर तुम्हालाच, आणि तुम्ही पक्के आहात. खिसा शिवून घेतलात, बायकोच्या शिव्या खाल्ल्यात, घर सोडून ड्रायव्हरांच्या खोलीत झोपलात, पण बोलला नाहीत. माझ्यावर येऊ नये म्हणून.

बरं. कार्डवालीचा होता. तुम्ही म्हणताय तर तसं. मी पुन्हा विचारणार नाही, तुम्हाला आणखी खोटं बोलायला लावणार नाही.

सोबत दोन शर्ट आहेत. त्यांना मी खिसाच लावलेला नाही. फोन कंडक्टर ताईंच्याच बॅगेत राहू द्या. त्या बाई अजून मला फारशा आवडत नाहीत, हसतात जास्त, पण फोन त्यांच्याकडेच राहू द्या. आवाज बंद करून द्या. बासरीची रिंग काढून टाका, मी बारकीला बोलले आहे. खरंच तातडीचं असेल तर मी डेपोत कळवेन, बस थांबली की ते सांगतील. तुम्ही कुठे पोचलात ते मी यापुढे विचारणार नाही. पोचलात की तुम्ही सांगा.

आणि पुढच्या सुट्टीला आधी घरी या. मग आपण दोघं दवाखान्यात जाऊ. फळं मी निवडीन, तुम्ही कच्ची आणता. आजोबा बोलले नाहीत तर नाही बोलले. तुम्ही नेहमीसारखे बसा. मी त्यांना सांगणार आहे, आजोबा, मी यांची बायको. फोन करणारी मी.

वाट बघते. डबा रिकामा पाठवा.

घर